राजीखुशीने, पण कोणाच्या?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

खरेदीखत असो, बक्षीसपत्र असो की वाटणीपत्र, जुन्या मराठी दस्तात दोन शब्दांची जोडी हमखास भेटते. ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले असे.’ राजी आणि अक्कल अरबीतून आले, खुशी आणि हुशारी फारसीतून. निबंधकाच्या कचेरीत बसून बसून ते असे मराठी झाले की आज कोणाला परके वाटत नाहीत. माझे वडील दस्त लिहिण्याचे काम करीत. ते म्हणायचे, ही जोडी म्हणजे दस्ताचे दोन पाय. लिहून देणाऱ्याची खुशी हवी आणि त्याचे डोके ठिकाणावर हवे. एक पाय लंगडा असला तर दस्त कोर्टात उभा राहत नाही.

आज मला ज्या कागदाबद्दल बोलायचे आहे, त्यात हे दोन्ही पाय नव्हते. तरीही तो अनेक देशांत, अनेक वर्षे उभा राहिला. हा कागद लहान मुलांना मनोरुग्णालयात दाखल करण्याचा. कायद्याच्या भाषेत त्याला ‘व्हॉलंटरी ॲडमिशन’ म्हणत, मराठीत ऐच्छिक प्रवेश. मोठ्या माणसाच्या बाबतीत अर्थ सरळ आहे. माझे मन थाऱ्यावर नाही, मला इथे ठेवून घ्या, असे मी स्वतः म्हणतो. पण रुग्ण सहा वर्षांचा असेल तर इच्छा कोणाची? विसाव्या शतकातल्या अनेक कायद्यांनी याचे उत्तर एका ओळीत देऊन टाकले. आईने, बापाने किंवा पालकाने सही केली की मुलाचा प्रवेश ऐच्छिक!

हा शब्द मुळात कुठून आला ते आधी पाहू. एकोणिसाव्या शतकात वेड्यांच्या इस्पितळाचा दरवाजा मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने उघडे. आपल्याकडे १८५७ नंतर कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आले आणि १८५८ साली वेड्यांसंबंधी तीन कायदे एकदम झाले. त्यांतला एक खास इस्पितळांचा होता. भटकणारा, धोकादायक वाटणारा वेडा पोलिसांनी धरायचा, मॅजिस्ट्रेटसमोर उभा करायचा आणि हुकूम घेऊन आत टाकायचा, असा एकूण शिरस्ता. म्हणजे आजारी माणूस आणि आरोपी एकाच वाटेने चालत. १९१२ साली इंडियन ल्युनसी ॲक्ट आला. त्यातही मुख्य रस्ता हुकमाचाच राहिला, पण बाजूला एक छोटी खिडकी उघडली गेली. ज्याला स्वतःहून उपचार घ्यायचे आहेत अशा माणसाने स्वतः लेखी अर्ज करावा, इस्पितळाच्या दोन ‘व्हिजिटर’ मंडळींनी संमती द्यावी, आणि त्याला ‘बोर्डर’ म्हणून ठेवून घ्यावे. मी जातो, असे त्याने लिहून दिले की चोवीस तासांपेक्षा जास्त अडवायचे नाही. बोर्डर हा शब्द मला आवडतो. वसतिगृहातल्या मुलासारखा, किंवा खाणावळीतल्या गिऱ्हाइकासारखा.

म्हणजे ‘ऐच्छिक’ हा सुधारकांचा शब्द होता. पोलीस नकोत, मॅजिस्ट्रेट नको, ‘वेडा’ असा शिक्का नको. तापाचा रुग्ण जसा दवाखान्यात जातो तसे मनाच्या रुग्णाला जाता यावे. इंग्लंडमध्ये १९३० च्या मेंटल ट्रीटमेंट ॲक्टने हा रस्ता चांगला रुंद केला. ‘असायलम’ आणि ‘ल्युनॅटिक’ हे शब्दही त्याच कायद्याने सरकारी व्यवहारातून काढून टाकले. त्यातच सोळा वर्षांखालच्या मुलाचा प्रश्न आला. मूल अर्ज कसा करणार? तर त्याच्या वतीने आईबाप किंवा पालक करतील. हेतू वाईट नव्हता. मुलाला कोर्टकचेरीतून वाचवायचे होते. पण एक गोष्ट कोणाच्या फारशी लक्षात आली नाही. कोर्ट गेले तसा प्रश्न विचारणारा तिसरा माणूसही गेला.

त्याचे काय झाले हे सर्वांत स्पष्ट दिसते ते अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात. तिथे मिलेजविल नावाचे गाव आहे. १८४२ साली तिथे राज्याचे वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले. ते वाढत वाढत १९६० च्या दशकात बारा हजारांवर रुग्णांचे झाले, जगातल्या सर्वांत मोठ्या अशा संस्थांत त्याची गणना होई. नाव पुढे सेंट्रल स्टेट हॉस्पिटल झाले, पण लोकांच्या तोंडी गावाचेच नाव राहिले. जॉर्जियातल्या आया दंगेखोर पोरांना दम देत, ‘मिलेजविलला पाठवीन हं!’ आपल्याकडे मुंबईत ‘ठाण्याला पाठवा याला’ म्हणतात आणि पुण्यात ‘येरवड्याला’, तसेच. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. एखाद्या गावाचे नाव असे शिवीसारखे वापरले जाऊ लागले की समजावे, त्या भिंतीआड काय आहे याची सगळ्यांना थोडी कल्पना आहे आणि पुरती कल्पना कोणालाच नको आहे. मिलेजविलच्या आवारात सुमारे पंचवीस हजार रुग्ण पुरलेले आहेत असे सांगतात, बहुतेकांच्या डोक्याशी नाव नाही.

१९७० साली इथे दोन मुलगे आले. न्यायालयाच्या कागदांत त्यांची पुरी नावे नाहीत, केवळ आद्याक्षरे आहेत. जे. एल. आणि जे. आर.

जे. एल. जन्मतःच दत्तक गेलेला. तो तीन वर्षांचा असताना या दत्तक आईबापांनी घटस्फोट घेतला. तो आईकडे राहिला, आईने दुसरे लग्न केले, थोड्याच काळात त्या जोडप्याला स्वतःचे मूल झाले. हा मुलगा शाळेत आवरेना, तेव्हा शाळेने काढून टाकला. आईने आधी दोन महिन्यांहून जास्त काळ त्याला बाह्यरुग्ण म्हणून उपचाराला नेले. मग १५ मे १९७० रोजी तिने त्याला बेमुदत दाखल करून घेण्याचा अर्ज केला. मुलगा सहा वर्षांचा होता. १९७२ साली त्याला रजेवर घरी पाठवून पाहिले, शाळेपुरते इस्पितळात यायचे. पण दोन महिन्यांच्या आत घरच्यांनी, आम्हांला हा झेपत नाही, म्हणून परत आणून सोडले. १९७४ साली त्यांनी त्याच्यावरचे पालकत्वाचे हक्कच सरकारच्या स्वाधीन केले. डॉक्टर काय म्हणत होते? तेही ऐकण्यासारखे आहे. डॉक्टर म्हणत होते, याला एखादे मायेचे, खास काळजी घेणारे घर मिळाले तर याला इथे ठेवण्याचे कारण नाही. सरकारच्या बालकल्याण खात्याला असे घर मिळाले नाही.

जे. आर.ची कथा याहून कमी शब्दांत सांगता येते. तीन महिन्यांचा असताना हेळसांड होते म्हणून सरकारने त्याला आईबापांकडून काढून घेतले. त्यानंतर एकामागून एक सात घरी त्याला सांभाळायला ठेवले. सातवे घर म्हणाले, याला घेऊन जा. तेव्हा सरकारी खात्याने, म्हणजे कायद्याने त्याच्या पालकानेच, त्याला मिलेजविलला दाखल केले. तो सात वर्षांचा होता. त्याच्या डॉक्टरांचेही हेच म्हणणे, याला घर शोधा.

जॉर्जियाच्या कायद्यात या दोघांचा प्रवेश ऐच्छिक होता. एक दत्तक आई आणि एक सरकारी खाते यांनी इच्छा व्यक्त केली होती! १९७३ साली राज्याने नेमलेल्या अभ्यासगटाने अहवाल दिला की, इस्पितळांत असलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना दुसरी काही सोय असती तर इस्पितळाची गरजच पडली नसती. हा अहवाल कुणा विरोधकाचा नव्हता, राज्याचाच होता. पुढच्याच वर्षी जेम्स एलिस या कायदेपंडिताने या विषयावर एक लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच त्याने एक शब्दखेळ केला, ‘व्हॉलंटिअरिंग चिल्ड्रन’. मुलांना ‘स्वेच्छेने’ पाठवणे. व्याकरणात ‘करणे’ आणि ‘करवणे’ असा भेद आहे तो इथे कामाला येतो. स्वेच्छा करता येते. करवता येते का?

काळही प्रश्न विचारण्याचा होता. १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गॉल्ट खटल्यात ठरवले होते की, गुन्ह्याच्या आरोपावरून बालन्यायालयापुढे आणलेल्या मुलालाही वकील मिळाला पाहिजे, आरोप काय ते त्याला कळले पाहिजे. १९७५ साली त्याच न्यायालयापुढे केनेथ डोनाल्डसन यांचे प्रकरण आले. त्यांना १९५७ साली फ्लॉरिडात स्वतःच्या वडिलांच्या अर्जावरून वेड्यांच्या इस्पितळात टाकले होते, ते सुमारे पंधरा वर्षे आत होते. जो धोकादायक नाही आणि बाहेर सुखरूप राहू शकतो त्याला नुसते कोंडून ठेवता येत नाही, असे न्यायालयाने एकमताने सांगितले. तेव्हा मिलेजविलच्या मुलांच्या वकिलांना वाटले असणार की वारा आपल्या बाजूने आहे. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी त्यांनी दोघांच्या आणि त्यांच्यासारख्या सर्व मुलांच्या वतीने दावा लावला.

१९७६ साली तीन न्यायाधीशांच्या संघीय न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. चोरी केलेल्या पोराला वकील मिळतो, मग काहीही न केलेल्या पोराला कुलपाआड पाठवताना कोणी विचारायला नको का, असा त्याचा आशय. राज्य वर गेले. सर्वोच्च न्यायालयात हे प्रकरण एकदा ऐकले गेले, मग पुन्हा ऐकले गेले आणि २० जून १९७९ रोजी निकाल लागला. पॅरम विरुद्ध जे. आर. असे या खटल्याचे नाव. नावात जे. आर. एकटाच आहे. खटला वर असतानाच जे. एल. वारला. निकालपत्रात याची नोंद आहे. त्याचा दावा आता निरर्थक झाला, पण त्याची हकिकत समजून घ्यायला उपयोगी म्हणून आम्ही ती सांगतो, असे न्यायालय म्हणते. सहाव्या वर्षी आत गेलेल्या मुलाचे चरित्र तळटीपेत संपले.

निकाल सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिला आणि तो राज्याच्या बाजूने गेला. त्यांचा युक्तिवाद नीट ऐकला पाहिजे, कारण तो आपल्या मनातलाच आहे. आईबापांना मुलाची माया असते, मुलाचे हित त्यांना कळते, असे कायद्याने पूर्वीपासून गृहीत धरले आहे. काही आईबाप वाईट निघतात म्हणून सगळ्यांवर संशय घेता येत नाही. मुलाला आवडले नाही म्हणून निर्णय सरकारच्या हाती जात नाही. टॉन्सिल काढायचे असले तरी मूल रडतेच. आई आणि मूल यांना कोर्टात समोरासमोर उभे केले तर उद्या ते मूल त्या घरी परत कसे जाईल? तेव्हा न्यायाधीश नको, वकील नको. एका तटस्थ जाणकाराने, तो इस्पितळातला डॉक्टर असला तरी चालेल, मुलाची पूर्ण माहिती घ्यावी, मुलाशी बोलावे, गरज नसेल तर नकार द्यावा, आणि वेळोवेळी फेरतपासणी व्हावी. एवढे पुरे.

मला यातला आईबद्दलचा भाग पटतो. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना बाहेरून शहाणपण शिकवणारे आपण कोण? रात्र रात्र झोप नाही, शेजारी बोलतात, शाळा ठेवून घेत नाही, धाकट्याला मारील ही भीती. अशी आई दवाखान्याच्या दारात येते तेव्हा ती मुलाला टाकायला आलेली नसते, दमून आलेली असते. तिला तिथे आरोपीसारखे उभे करू नये, हे बर्गर यांचे म्हणणे खोटे नाही. पण जे. आर.च्या बाबतीत माया कोणाची? त्याचा पालक एक खाते होते. खात्याला माया नसते, फाईल असते. आणि न्यायालयाने सरकारी ताब्यातल्या मुलालाही हाच नियम लावला. सरकारही आपल्या मुलांचे भलेच पाहते, असे गृहीत धरून!

न्यायमूर्ती ब्रेनन यांनी इथेच अंशतः वेगळे मत दिले. मार्शल आणि स्टीव्हन्स हे दोन न्यायमूर्ती त्यांच्याबरोबर होते. त्यांचे म्हणणे असे की, आईबापांनी आणलेल्या मुलाबाबत दाखल करण्याच्या आधी सुनावणी नको, ते समजू शकते. पण दाखल झाल्यावर काही काळाने तरी व्हायला हवी. आणि सरकारी ताब्यातल्या मुलाला तर आधीच व्हायला हवी, कारण तिथे दुखावण्यासारखे घरच नाही. मला हे मत जास्त शहाणे वाटते.

विषयाला एक शेपूट आहे, तेही सांगतो. निकालाला नऊ महिने झाले आणि मार्च १९८० मध्ये त्याच न्यायालयापुढे नेब्रास्का राज्यातल्या एका कैद्याचे प्रकरण आले. त्याला तुरुंगातून मनोरुग्णालयात हलवले होते. न्यायालय म्हणाले, अशी बदली करण्याआधी त्याला लेखी सूचना दिली पाहिजे, सुनावणी दिली पाहिजे, त्याच्या बाजूने बोलणारा कोणी हवा. कैदी असला तरी त्याच्या अंगावर ‘मनोरुग्ण’ हा आणखी एक शिक्का बसतो, म्हणून. शिक्षा झालेल्या प्रौढ माणसाला जे मिळाले ते सात घरे फिरलेल्या सात वर्षांच्या मुलाला मिळाले नव्हते. दोन्ही निकाल एकाच छपराखाली, वर्षभराच्या आत.

पॅरमचा निकाल म्हणजे किमान रेषा होती. राज्यांना त्याहून पुढे जायला मोकळीक होती आणि काही गेलीही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९७७ सालीच ठरवले होते की, चौदा वर्षांपुढच्या मुलाने विरोध केला तर सुनावणी द्यायची. इलिनॉयमध्ये सोळा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या सहीने दाखल होता येते. म्हणजे अठराव्या वाढदिवसाच्या मध्यरात्री एकदम अक्कल येते ही कल्पना त्यांनी सोडली. पण दुसरीकडे १९८० च्या दशकात अमेरिकेत खासगी मनोरुग्णालयांची लाट आली. विम्याचे पैसे होते, खाटा रिकाम्या होत्या आणि न ऐकणारी पोरे घरोघरी होती. लोइस वायथॉर्न यांनी १९८८ साली दाखवून दिले की, अशा रुग्णालयांत दाखल होणारी मुले काही वर्षांतच कित्येक पटींनी वाढली, आणि त्यांतली पुष्कळशी गंभीर आजारी नव्हती, त्रासदायक होती. तटस्थ डॉक्टर ज्या इस्पितळाचा नोकर, त्याच इस्पितळाला खाट भरण्याचे पैसे मिळतात, ही अडचण १९७९ च्या निकालाने पाहिली नव्हती.

आता आपल्याकडे येऊ.

आपला १९१२ चा कायदा स्वातंत्र्यानंतरही चाळीस वर्षे आणि वर चालत राहिला. १९४६ साली भोर समितीने सांगितले होते की, चाळीस कोटींच्या देशात मनोरुग्णांसाठी जेमतेम दहा हजार खाटा आहेत आणि इस्पितळांची अवस्था तुरुंगासारखी आहे. तुरुंगासारखी म्हणणे हा तसा अलंकारच, कारण पुष्कळ मनोरुग्ण खरोखरच्या तुरुंगात होते. काहीही गुन्हा नसलेले, मुलेसुद्धा. मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेटाने लावून धरला. गुन्हा नसलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाबाह्य आहे, असे न्यायालयाने सांगितले ते १९९३ साली. त्याच वर्षी एप्रिलपासून मेंटल हेल्थ ॲक्ट, १९८७ अमलात आला. कायदा १९८७ चा आणि अंमल १९९३ चा. आपल्याकडे मूल जन्मल्यावर बारसे सहा वर्षांनी होऊ शकते.

या १९८७ च्या कायद्यात आपल्या विषयाची मेख आहे. कलम १५ सज्ञान माणसासाठी. त्याने स्वतः विनंती करायची, ऐच्छिक रुग्ण म्हणून दाखल व्हायचे. कलम १६ अज्ञान मुलासाठी. पालकाने विनंती करायची आणि मुलाने, पुन्हा तोच शब्द, ऐच्छिक रुग्ण म्हणून दाखल व्हायचे. वैद्यकीय अधिकाऱ्याने चोवीस तासांत त्याला योग्य वाटेल ती चौकशी करावी आणि खात्री पटली तर ठेवून घ्यावे. आता कलम १९ शेजारी ठेवून वाचा. ज्याने हो म्हटलेले नाही अशा रुग्णाला नातेवाइकाच्या अर्जावरून ठेवायचे असेल तर दोन डॉक्टरांचे दाखले हवेत, त्यांतला एक सरकारी सेवेतला हवा, आणि मुदत जास्तीत जास्त नव्वद दिवस. म्हणजे नाखूश माणसाला दोन दाखले आणि तीन महिन्यांची मर्यादा. मुलाला एका अधिकाऱ्याची खात्री, आणि अशी मर्यादा नाही. कारण काय? तर तो ऐच्छिक आहे. ज्याच्या नावावर इच्छा लिहिली त्यालाच संरक्षण कमी.

मराठी दस्तात लहान मुलाला ‘अज्ञान’ म्हणतात हे आपल्याला माहीत आहेच. सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ असे लिहून आईचे किंवा चुलत्याचे नाव येते, अज्ञान पालनकर्ता. आमच्याकडे पालकाला ‘वली’ म्हणतात. हा वली मोठा गमतीचा शब्द आहे. त्याचा अर्थ रक्षण करणारा, जवळचा, आणि अल्लाला जवळचा तो संतही. त्याचे अनेकवचन औलिया. मराठीत येता येता त्याचा ‘अवलिया’ झाला आणि अर्थ झाला लहरी, कलंदर, जगाच्या रीतीने न चालणारा. एकाच शब्दातून मुलाचा राखणदारही निघाला आणि ज्याला लोक वेडा म्हणतील असा माणूसही.

पण मला सांगायचे आहे ते वेगळे. या अज्ञान मुलाच्या नावावर दोन गुंठे जमीन असेल तर काय होते पाहा. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे बापालासुद्धा न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येत नाही. मुस्लीम कायद्यात तर आई मुलाला सांभाळू शकते, पण त्याची स्थावर मिळकत विकण्याचा अधिकार तिला नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १९१८ साली इमामबंदी खटल्यात ठरवले. निकाल लिहिला होता सय्यद अमीर अली यांनी. मुलाच्या मातीसाठी जिल्हा न्यायाधीश, आणि मुलासाठी फक्त एक सही! हे कायदे करणारी माणसे दुष्ट नव्हती. जमिनीच्या बाबतीत आपण माणसाच्या लोभाचा विचार केला होता. दमणुकीचा, लाजेचा आणि दुसऱ्या लग्नाचा विचार करायचा राहून गेला.

१९८७ च्या कायद्यात एक कलम मात्र मी कवितेसारखे पुन्हा पुन्हा वाचले आहे. मूल इस्पितळात असतानाच सज्ञान झाले तर वैद्यकीय अधिकाऱ्याने त्याला कळवायचे, तू आता सज्ञान झालास. इथे राहायचे असेल तर महिन्याच्या आत तशी विनंती कर, नाहीतर तुला सोडून देण्यात येईल. कल्पना करा. सहाव्या वर्षी आत आलेला मुलगा. बारा वर्षे ‘ऐच्छिक’ होता. आणि एका सकाळी त्याला पहिल्यांदा कोणीतरी विचारते, तुझी इच्छा काय?

पुढचा कायदा २०१७ चा, मानसिक आरोग्य सेवा अधिनियम. ७ एप्रिल २०१७ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि २९ मे २०१८ पासून तो अमलात आहे. त्याने पहिली गोष्ट केली ती शब्दाची. ‘ऐच्छिक रुग्ण’ हा प्रकार गेला, त्याजागी ‘स्वतंत्र रुग्ण’ आला, आणि तो फक्त सज्ञानांसाठी. मुलाचा प्रवेश आता कलम ८७ खाली होतो आणि तिथे त्याला ऐच्छिक, स्वतंत्र, काहीच म्हटलेले नाही. अज्ञान व्यक्तीचा प्रवेश, एवढेच. कवीला याचे समाधान वाटणारच.

पण बदल शब्दापुरता नाही. मुलाला अपवादात्मक परिस्थितीतच दाखल करायचे. दोन जाणकारांनी, त्यांतला एक तरी मनोविकारतज्ज्ञ, त्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत मुलाला स्वतंत्रपणे तपासायचे आणि दोघांचे मत एक यायला हवे. घरी किंवा वस्तीत राहून होणारे उपचार करून पाहिले, ते पुरले नाहीत किंवा लागू पडण्यासारखे नाहीत, हे दिसायला हवे. मुलाला मोठ्या रुग्णांत ठेवायचे नाही. बहात्तर तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचे. तीस दिवसांपुढे मुक्काम गेला तर मंडळाला लगेच कळवायचे, त्याने सात दिवसांत तपासणी करायची, आणि पुढे दर तीस दिवसांनी. मंडळाला मुलाला भेटण्याचा, त्याच्याशी बोलण्याचा, कागद पाहण्याचा अधिकार आहे. या मंडळाचे अध्यक्षपद आजी किंवा माजी न्यायाधीशाकडे असते, डॉक्टर असतात, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी असतो, आणि दोन जागा अशा की, त्यांवर स्वतः हा आजार भोगलेली माणसे, त्यांची शुश्रूषा करणारे किंवा संस्थांचे लोक बसतात. ब्रेनन यांनी १९७९ साली जी सुनावणी मागितली होती ती जवळपास हीच. कोर्ट नाही, पण तिसरा माणूस परत आला.

जे. आर.च्या प्रश्नालाही इथे उत्तर आहे. मुलाचा प्रतिनिधी म्हणजे त्याचा पालक, पण पालक मुलाच्या हिताविरुद्ध वागतो आहे असे दिसले तर मंडळ दुसऱ्याला नेमू शकते. मुलांना विजेचे झटके देण्यावर बंदी आहे. तज्ज्ञाला अगदीच आवश्यक वाटले तर पालकाची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी, दोन्ही लागतात. एका आस्थापनेतून दुसऱ्या आस्थापनेत हलवायचे असेल, समजा रत्नागिरीहून ठाण्याला, तर का हलवतो याची कारणे प्रतिनिधीला आणि त्या व्यक्तीलाही सांगायची. व्यक्तीलाही! नेब्रास्काच्या कैद्याला जे मिळाले त्याचा निदान पहिला घास. आणि अठरा वर्षे पूर्ण झाली की महिन्याची वाट पाहायची नाही, पत्राची नाही. तो त्या दिवसापासून स्वतंत्र रुग्ण. जातो म्हणाला तर सोडायचे. फार तर तपासणीसाठी चोवीस तास थांबवून घेता येते.

याच कलम ८७ मध्ये आणखी एक अट आहे. मूल दाखल असेपर्यंत प्रतिनिधीने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने कुठल्याही परिस्थितीत त्याच्याजवळ राहायचे. मुलगी असेल आणि प्रतिनिधी पुरुष असेल तर एखादी बाई सोबत हवीच. अट चांगली आहे. मिलेजविलच्या दारात मूल सोडून परत फिरण्याची सोयच तिने बंद केली. पण रत्नागिरी, ठाणे, येरवडा आणि नागपूर अशी राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, आणि त्यांच्या दाराशी येणारी माणसे दूरच्या तालुक्यांतून, रोजंदारी बुडवून येतात. जिला घरी आणखी दोन मुले आहेत, भांडी घासायची चार घरे आहेत आणि एक खाडा झाला तर त्यातले एक घर सुटणार आहे, अशा बाईला मुलाच्या खाटेशेजारी वीस दिवस बसायचे आहे. त्या वीस दिवसांचा तिचा रोज कोणी भरायचा, याबद्दल कलम ८७ मध्ये एक शब्दही नाही.